एवढा मोठा पिरॅमिड आणि दार एकच?

कारखानीसकाका आमच्या मँचेस्टरच्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या पूजेला. पुढच्या दाराने आत आले, पूजेकडे ढुंकूनही न बघता स्वयंपाकघरातून थेट मागच्या बागेत गेले, बागेचं फाटक उघडून बघितलं, लावलं, पुन्हा उघडून बघितलं, आणि मग हात धुऊन तीर्थाला हात पुढे केला. मी प्रसादाची वाटी घेऊन तशीच उभी.

"फाटकाची कडी गंजली आहे," ते म्हणाले. "तेल घाला. शिरायचं काय, कुणीही शिरतं. निघायचं कसं ते आधी बघावं."

ही आमची ओळख. पुढे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्यांनी 'शिरायचं काय' म्हटलं की माझ्या नवऱ्याचे, शैलेशचे, ओठ आपोआप पुढचं पुटपुटायचे. आमची आणि त्यांची घरं जोडघरं, मधे एकच भिंत. कारखानीसकाकू जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे पलीकडे काका एकटे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. लॅब चौथ्या मजल्यावर, आणि हा माणूस निवृत्त होईपर्यंत जिन्याने चढला-उतरला. लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. लंडनला ट्यूबचं नाव काढायची सोय नव्हती. एका मुंजीला ते भर पावसात निम्मं लंडन तुडवत गेले. पोचले तेव्हा बटू जेवून गाढ झोपला होता आणि यजमान भांडी आवरत होते. काकांनी आधी हॉलचं मागचं दार बघितलं, मग आहेर दिला.

मंडळाच्या गणपतीला ते कायम आपत्कालीन दाराला लागून बसत. त्या दारावर हिरव्या पाटीत पळणारा माणूस असतो ना, त्याच्याकडे बघून मला म्हणाले, "वैशाली, या देशात मला खरा धीर कोणी दिला असेल तर यानेच." आता गणपती समोर बसलेला असताना असं बोलावं का माणसाने? पण बोलले.

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे रिंग. तेव्हा आपल्या लोकांत ती पद्धतच होती. कुठे गेलं की पोचल्यावर मोबाइलची एक रिंग द्यायची आणि कापायची. निरोप पोचतो, बिल येत नाही. सगळे द्यायचे, मीही द्यायचे. पण काकांना आम्ही भाजी आणायला गेलो तरी रिंग हवी. एकदा मी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायला गेले आणि समोरच्या बाईशी बोलत उभी राहिले, तर हे कोट चढवून बाहेर. "बिन ठेवायला एवढा वेळ? निदान रिंग तरी द्यायचीस!" बिन ठेवायला जाताना फोन कोण नेतं, सांगा बरं! मी तणतणत घरात आले आणि शैलेशला म्हटलं, या भिंतीपलीकडे माणूस राहतो की पोलीस चौकी?

त्यांची मुलगी मेघना केंब्रिजला संशोधनात होती. तिशीची, हुशार, बापाच्या अगदी उलट. कड्यावर चढणारी, समुद्रात उडी मारणारी. इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठी बोलायची भरभरून पण शब्दांच्या लिंगाचा पत्ता नाही. बापाला रोज रिंग द्यायची बिचारी. एक दिवस चुकली नाही.

आणि एका रविवारी तिचा मला फोन आला.

"काकू, बाबा तिथे नाही ना?"

"नाहीत. का गं?"

"मी जॉब घेतला. ऑकलंडमध्ये. न्यूझीलंड. परमनंट. समरमध्ये जायचाय. बाबाला अजून नाही सांगितला."

ज्या माणसाला कचऱ्याच्या बिनपर्यंतची काळजी, त्याची एकुलती एक पोर पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला!

"मी त्याला ईस्टरला इजिप्तला नेते," ती म्हणाली. "पिरॅमिड बघायला. तिथे सांगते. हॉलिडेवर तो हॅपी असेल."

"बाबा? हॅपी? इजिप्तमध्ये?" मी म्हटलं. "मेघना, तू तुझ्या बापाला भेटली आहेस ना?"

पण त्यामागे जुनी गोष्ट होती. शाळेत असताना तिला प्राचीन इजिप्त शिकायला होतं. त्या वेड्या पोरीने काकांच्या हॉस्पिटलची बँडेजं गुंडाळून घरातल्या सगळ्या बाहुल्यांच्या ममी केल्या होत्या. दर वर्षी विचारायची, बाबा, या वर्षी पिरॅमिड? आणि दर वर्षी काका तिला वेल्सच्या समुद्रावर न्यायचे, जिथे सगळीकडून बाहेर पडता येतं. आता जाण्याआधी तिला बाबाबरोबर पिरॅमिड बघायचा होता. आणि सांगताना शेजारी कोणीतरी असावं म्हणून आम्हीही यायचं होतं.

"नसती उठाठेव," शैलेश म्हणाला. पण बॅग त्यानेच आधी भरली.

काका 'बरं' म्हणाले ते ऐकून मीच चाट पडले. मेघनाने मागितलं आणि ते नाही म्हणाले नाहीत, एवढंच. मात्र त्या दिवसापासून पलीकडच्या भिंतीमागे येरझाऱ्या सुरू झाल्या. विमानात बसल्यावर त्यांनी सुरक्षेचं कार्ड वाचलं, ते मला वाचायला लावलं, आणि वरून मला प्रश्न विचारले. बूट उतरवले नाहीत. "उतरायची वेळ आली तर अनवाणी उतरू का?" हॉटेलात तळमजल्याची खोली हट्टाने मागून घेतली आणि मग रात्रभर चोर येईल म्हणून जागले.

इकडे मेघना रोज सांगायचा प्रयत्न करत होती आणि माझा जीव टांगणीला. म्युझियममध्ये एका ममीसमोर तिने धीर केला. "बाबा, मला तुला एक गोष्ट सांगायचाय."

काकांचा चेहरा उतरला. "पोटात दुखतंय? बाटलीचंच पाणी प्यायलीस ना?"

"नाही रे, पोट ठीक आहे."

"मग ताप? वैशाली, हिच्या कपाळाला हात लाव बरं."

मी मुकाट्याने हात लावला. काय करणार? मेघनाने माझ्याकडे बघून डोळे मिटले. नदीवर नावेत बसलो तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "बाबा, ऐक ना," तर काका नावाड्याला खुणांनी विचारत होते की लाइफ जॅकेट किती आहेत. जेवताना सांगायचं ठरलं तर काकांना कोशिंबिरीची धास्ती. मला तर वाटायला लागलं, आपणच बोलून मोकळं व्हावं. तोंडावर आलेला शब्द मी कितीदा गिळला असेल! आणि काका आपले आमच्याकडे आळीपाळीने बघायचे, 'तुम्ही दोघी इतक्या गप्प का?' म्हणून आणखी घाबरायचे.

शेवटून दुसऱ्या दिवशी पिरॅमिड. त्या सकाळी शैलेश आडवा झाला. काकांनी बजावून सांगितलं होतं, रस्त्यावरचा उसाचा रस पिऊ नकोस. तो प्यायला. त्यामुळे आम्ही तिघंच निघालो.

पिरॅमिड फोटोत दिसतो तसा नसतोच हो. जवळ गेलं की तो डोंगर होतो. एकेक दगड माझ्या छातीइतका. मी आ वासून बघत राहिले. काका त्याला बाहेरून जमेल तेवढा वळसा घालून आले आणि गाइडला म्हणाले, "वेअर इज द अदर डोअर?"

गाइड हसला. दुसरं दार नाही, म्हणाला. राजाला आत ठेवल्यावर रस्ता मोठाल्या दगडांनी बंद केला होता. हल्ली माणसं जातात ती चोरांनी फोडलेल्या वाटेने.

"एवढा मोठा पिरॅमिड आणि दार एकच?" काका माझ्याकडे वळले. "तेसुद्धा चोरांनी पाडलेलं? म्हणजे चोर नसते तर निघायची सोयच नाही!" मँचेस्टरच्या कौन्सिलने याला कधीच परवानगी दिली नसती, हेही त्यांनी गाइडला समजावून सांगितलं.

आत जायची तिकिटं रोज मोजकीच मिळतात. मेघनाने सकाळी रांगेत उभं राहून ती काढली होती, तिघांची, आणि आमची दोन माझ्या पर्समध्ये होती. काकांनी नकारार्थी मान हलवली. माझीही हौस एवढी नव्हती, आणि काकांना उन्हात एकटं कसं सोडायचं? मेघना म्हणाली, "ठीक आहे, मी जाते. वरच्या रूममध्ये पोचली की रिंग देते."

हे ती बोलून गेली, आणि तिथेच घात झाला. रोजची सवय. आपण कुठे चाललोय याचा विचार ना तिने केला, ना मी.

आम्ही दगडावर बसलो. काकांनी फोन तळहातावर ठेवला, जसा काही नैवेद्य. फोन गप्प. माणसं आत जात होती, घामाघूम होऊन बाहेर येत होती. फोन गप्प.

"काका, आत रेंज नसणार," मी म्हटलं. "एवढे दगड डोक्यावर."

"म्युझियमच्या तळघरात होती."

"ते वेगळं हो."

"ती रिंग देते म्हणाली, वैशाली. ती म्हणाली की देते. आजवर चुकली नाही."

तेवढ्यात एक गोरी बाई बाहेर आली. चेहरा टोमॅटोसारखा लाल, टोपीने वारा घेत होती. आपल्या नवऱ्याला म्हणाली, वर भयंकर उकडतंय, एक मुलगी चक्कर येऊन पडली आहे.

काका उठले. "माझं तिकीट दे."

"काका, ती मेघनाच असेल कशावरून?"

"नसेल कशावरून? तिकीट दे."

मी पर्स उघडली, दोन्ही तिकिटं काढली आणि त्यांच्यामागे धावले. माझा स्वतःचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारापाशी मला वाटलं, आता हे थांबतील, मागे बघतील. नाही थांबले. माझ्या माहितीत पहिल्यांदाच हा माणूस निघायचं कसं ते न बघता कुठेतरी शिरला.

आतलं काय सांगू! थोडं चाललं की एक बोळकांडी लागते. तीही चढाची. इतकी बुटकी की कमरेत वाकूनच जायचं. पायाखाली फळ्या, हाताला कठडा, अंगावर दमट, शिळी हवा. जायचीही तीच वाट आणि यायचीही तीच. समोरून माणूस आला की भिंतीला चिकटायचं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त काकांचे बूट. ते राम राम म्हणत होते. मग नामजप थांबला. बूटही थांबले.

"काका?"

नुसता श्वास, भात्यासारखा. माझ्यामागे माणसं खोळंबली. कोणीतरी जर्मनमध्ये काहीतरी म्हणालं. मलाही गुदमरायला लागलं. वर दगड, खाली दगड, पुढे काका.

"काका, मागे फिरू या. मी सांगते सगळ्यांना. हळूहळू उतरू."

"पाय उचलत नाहीये," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "वैशाली, माझा पाय उचलत नाहीये."

"म्हणून तर म्हणते, फिरू या."

"आणि ती आत असताना मी बाहेर दगडावर बसून काय करू?"

मला रडूच फुटलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट भिजून चिंब झाला होता. "बरं, चला मग," मी म्हटलं, "उजवा पाय." त्यांनी उजवा उचलला. "आता डावा." एखाद्या तान्ह्याला चालवावं तसं आम्ही चाललो. मागचा जर्मन माणूस मुकाट्याने मागून येत राहिला, देव त्याचं भलं करो.

आणि वरून आवाज आला, "बाबा?"

मेघना उतरत होती. धडधाकट. चक्कर आलेली मुलगी कोणी दुसरीच. मेघनाने तिला पाणी पाजलं, वारा घातला, म्हणून उशीर. बाप आणि लेक समोरासमोर, दोघंही कमरेत वाकलेली, टकरीला आल्यासारखी.

"बाबा, तू? तू आत कसा आला?"

"रिंग आली नाही."

"अरे, इथे रेंज कुठे आहे!" ती ओरडली, आणि मग तिचा बांध फुटला. तिने बापाचे दोन्ही खांदे धरले. इतके दिवस म्युझियमात, नावेत, जेवणाच्या टेबलावर जे जमलं नाही ते तिने तिथे, त्या बोळात, सांगून टाकलं. नोकरी, ऑकलंड, समर, सगळं. "बाबा, मला जायचाय. पण तू असा आला तर मी कशी जाऊ? सांग ना!"

मी भिंतीला टेकले. वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार.

जर्मन माणूस खोकला.

"तिथे जमीन हलते म्हणतात," काका शेवटी म्हणाले. "भूकंप होतात."

"बाबा!"

"नाही, नाही. जा तू. जा." त्यांनी तिचा गाल पुसला. अर्धं पाणी नाकालाच लागलं. "घर मात्र बैठं घे. वरचा मजला नको. बैठ्या घरातून कसं, पटकन निघता येतं."

ती हसायला लागली, रडता रडताच. मला वाटलं, आता उतरतील. तर काका म्हणाले, "वर काय आहे?"

"काही नाही. एक रिकामी रूम."

"चल, दाखव. तुला लहानपणापासून बघायची होती ना माझ्याबरोबर?"

गेले की! पुढचा भाग उंच आहे, तिथे ताठ उभं राहता येतं. पुन्हा एकदा वाकलो आणि राजाच्या खोलीत पोचलो. काळ्या दगडाच्या भिंती आणि बिनझाकणाची एक दगडी पेटी. मेघना त्यांचा हात धरून त्यांना भराभर काय काय सांगत होती, शाळेतल्या मुलीसारखी. काका घाम पुसत मान डोलावत होते. पेटीत वाकून बघितलं त्यांनी.

"राजा कुठे आहे?"

"नाहीये. गेला कधीच."

"बघ, तोसुद्धा निघाला," काका म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलेलं दिसलं.

बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपले. मेघना थंड पेय आणायला धावली. काका दगडावर बसले, मी शेजारी. तिची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत ते हसऱ्या तोंडाने बघत होते. मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"तुला माहीत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"बरं झालं तुम्ही आलात."

एक उंटवाला येऊन आम्हाला उंट विचारून गेला. काका बुटातली वाळू झटकत होते.

"शैलेशची नोकरी पक्की आहे ना मँचेस्टरची?"

"आहे की."

"बदली वगैरे?"

"नाही हो."

"परत पुण्याला जायचं वगैरे काही ठरलेलं नाही ना? की मोठं घर वगैरे?"

"काका, काहीही काय! आम्ही कुठे जातोय?"

"नाही, आपलं सहज विचारलं." त्यांनी दुसरा बूट झटकला. त्यात वाळू नव्हतीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशाली, माझा कधी त्रास होत असेल तुम्हाला. फोनचा, भिंतीचा, कशाचाही. स्पष्ट सांगत जा. मी सुधारेन. पण घर सोडून जाऊ नका."